बोळावरची खोली

मापाडी हे त्यांचे नाव नव्हते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सबंध नोकरी काढलेल्या माणसाला बाजाराने दिलेली ती पदवी होती. नोकरीत असेतो पाठीमागे, निवृत्तीनंतर तोंडावर. त्यांनी ती कधी नाकारल्याचे आढळत नाही. उलट फोनवर कोणी 'कोण बोलतंय?' असे विचारले, की 'मापाडी' हे उत्तर देताना त्यांचा आवाज किंचित भरदार होत असे, असे त्यांच्या पत्नीचे म्हणणे आहे. आणि पत्नीची साक्ष अशा बाबतीत सहसा कौतुकाकडे झुकत नाही.

त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाच शंका नव्हती, कारण तशी ती घ्यायला ते कोणाला सवडच देत नसत. प्रामाणिकपणाचा ठराव ते स्वतःच मांडत, स्वतःच अनुमोदन देत आणि स्वतःच संमत करून घेत. निरोपसमारंभात 'मापात पाप मी कधी केलं नाही आणि कुणाला करू दिलं नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की, पुष्पगुच्छ घेऊन उभे राहिलेले वरिष्ठ अखेर पुष्पगुच्छासह खाली बसले.

इतक्या मापलेल्या आयुष्यात एकच वस्तू त्यांच्या वाट्याला आली नव्हती: स्वतःची खोली. लहानपणी ते भावंडांच्या रांगेत झोपले, आणि रांगेतही मधोमध; कूस बदलायची तर दोन्ही बाजूंची मंजुरी लागे. शिकायला गेले ते वसतिगृहात, जिथे खोलीतले सगळे त्यांना मित्र मानत, हे त्यांचे दुर्दैव. नोकरी लागली ती फिरतीची. विश्रामगृहात शेजारच्या खाटेवर कायम दुसऱ्या खात्याचा कोणीतरी गप्पिष्ट माणूस. मग लग्न, मग मुलगा, मग सूनबाई, मग नात, आणि नातीच्या पाठोपाठ नातीचे व्हायोलिन. घर त्यांच्या नावावर होते. पण त्या घरात आतून कडी लावून निवांत बसता येईल असे दार एकच होते, आणि त्या दाराबाहेर सकाळी कोणीतरी 'झालं का?' असे विचारत उभेच असे.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मान वर करून पाहिले. वर पोटमाळा होता.

त्यांचे घर जुन्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले. या रांगेतल्या घरांच्या भिंती सामाईक, खोकले सामाईक आणि भांडणे तर निःसंशय सामाईक. जुन्या बांधणाऱ्यांनी घराघरांमधली भिंत पोटमाळ्याच्या तळाशीच थांबवली होती. छपराखाली मरायला जाणार आहे कोण, असा त्यांचा साधा हिशोब. त्यामुळे सगळ्या रांगेचा पोटमाळा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक काळोखी पोकळी होती. तिच्यात मांजरे हद्दी न पाळता फिरत. माणसांनी आपापल्या झडपेतून जुन्या गाद्या आणि नकोशा आठवणी वर ढकललेल्या होत्या, एवढाच काय तो मानवी वावर.

"पोटमाळ्यावर एक खोली काढू या," मापाड्यांनी जेवताना जाहीर केले.

"कशाला? काय आहे वर?" पत्नीने विचारले.

"काही नाही. म्हणूनच."

"बरं होईल बाबा," सूनबाई म्हणाल्या. "ठेवायला जागाच नाहीये कुठे. हिवाळ्याची पांघरुणं तरी—"

"माझं ऑफिसचं टेबल," मुलगा म्हणाला.

"मी तिकडे वाजवीन," नात म्हणाली.

 दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मापाड्यांनी एक दार आणले. खोलीचा नकाशा नाही, नगरपालिकेची परवानगी नाही, जिन्याचा पत्ता नाही. पण दार आले, आणि त्याला आतल्या अंगाने भक्कम कडी. पुढे कित्येक आठवडे ते दार बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते आणि येणारे-जाणारे पाहुणे त्याकडे पाहून 'कुठे उघडतं हे?' असे विचारत. 'उघडण्यासाठी आणलेलंच नाही' असे मापाड्यांचे उत्तर असे.

काम ज्याला दिले, त्या मिस्त्रीला सगळा भाग 'होईलना' म्हणून ओळखत असे. कोणत्याही प्रश्नाला त्याच्यापाशी एवढेच उत्तर होते.

"जिना इथे बसेल?"

"होईल ना."

"वाशांना धक्का न लागता?"

"होईल ना."

"आणि छपराला खिडकी पाडल्यावर गळती तर होणार नाही?"

"होईल ना, साहेब," मिस्त्री म्हणाला, आणि हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत खरे विधान ठरले, पण तो भाग वेगळा.

नकाशासाठी मापे घेण्याची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने खिशातून टेप काढला. मापाड्यांनी तो हातात घेतला, टोक डोळ्यांपाशी नेऊन पाहिले आणि परत दिला.

"याचं तोंड झिजलंय. या टेपने मोजलेलं घर तुम्ही बांधाल, पण त्यात मी राहणार नाही."

मग फ्लॅनेलच्या पिशवीतून त्यांचा स्वतःचा पोलादी टेप बाहेर आला. मिस्त्री बाजूला झाला. दुसऱ्याने मोजले, की चुकीची जबाबदारीही दुसऱ्याचीच, हे ज्ञान त्याला टेप वापरण्याच्या ज्ञानापेक्षा बरेच आधी प्राप्त झालेले होते.

आता येथे जागेची रचना नीट सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यातून घडले. मापाड्यांच्या घराला लागून, रस्त्यावरून मागच्या अंगणाकडे जाणारा एक अरुंद बोळ होता. बोळ मापाड्यांच्या नावावर. जाण्या-येण्याचा हक्क शेजारच्या घरालाही. पण तो बोळ तळमजल्यापुरताच. पहिल्या मजल्यावर बोळाच्या डोक्यावर खोली होती, आणि ती खोली शेजारच्या घराची. म्हणजे खाली जमीन मापाड्यांची, आणि त्याच जमिनीवरच्या छतापलीकडे झोपणारा माणूस शेजारचा. जुन्या रांगांमध्ये असले गुंते नवे नाहीत. ते कळण्याचा मार्गही सोपा होता. पहिल्या मजल्यावर जावे आणि आपली भिंत कुठे संपते ते पाहावे.

मापाडी गेले नाहीत. पहिल्या मजल्यावर त्या बाजूची खोली मुलगा-सूनबाईंची होती, आणि सुनेच्या शयनगृहात सासऱ्याने टेप घेऊन शिरणे त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हते. लग्न झाल्यापासून त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नव्हता. दाराबाहेरून जे दिसले तेवढे. बाहेरून त्यांना एवढेच दिसले होते, की खालच्या हिशोबाने ती खोली असायला हवी त्याहून बरीच आखूड आहे. त्याचा उलगडाही त्यांनी परस्पर करून ठेवला होता. त्या भिंतीशी सूनबाईंचे भिंतभर कपाट होते, आणि त्या कपाटाच्या खोलपणाविषयी सासऱ्यांना पहिल्यापासूनच संशय होता.

म्हणून त्यांनी घर रस्त्यावरून मोजले. दाराच्या पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली, बोळ ओलांडला, आणि बोळाच्या पलीकडच्या कडेला खडूने रेघ मारली. जमीन माझी, म्हणजे तिच्यावरचे सगळे माझे, थेट आढ्यापर्यंत. तीच रेघ वर पोटमाळ्यात न्यायची.

शेजारच्या घराच्या खिडकीत मेट्रन उभ्या होत्या. मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंशी मापाड्यांचे बोलणे नव्हते, त्यामुळे त्या जे बोलायचे ते हवेला उद्देशून बोलत.

"रस्ता मोजून झाला," त्या हवेला म्हणाल्या, "की आभाळ घ्या म्हणावं मोजायला."

या अबोल्याला कारण होते, आणि ते कारण लोखंडाचे होते. मेट्रनच्या यजमानांचे बाजारात खिळे-स्क्रूंचे दुकान होते. ऐन उन्हाळ्यात, लोक सावलीलाही शिव्या देत होते अशा एका दुपारी, मापाडी तपासणीला आले. दुकानातला तराजू त्यांनी आपल्या प्रमाणित वजनांनी तपासला, दांडी तीळभर कललेली आढळली, आणि शेजारधर्म न पाहता त्यांनी तराजूवर शिशाचे सील ठोकले. पुढे चौकशा झाल्या, समज दिली गेली, आणि तराजू सीलसकट 'वापरास अयोग्य' म्हणून परत आला. यजमानांनी नवा तराजू घेतला नाही. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी एवढेच केले, की त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत खिळे वजनावर विकलेच नाहीत, मोजून विकले. एकेक. गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई आणि ते मान खाली घालून मोजत राहत. आता ते हयात नव्हते.

मापाडी हा किस्सा आपल्या बाजूने सांगत. 'शेजारी असला तरी सोडला नाही', असा.

काम सुरू झाले. जिना बसला, आणि बसताना त्याने स्वयंपाकघरातली मांडणी खाल्ली. छपराला खिडकी पडली. रेघेप्रमाणे फळ्यांची भिंत उभी राहिली. साफसफाईत मिस्त्रीला, खिडकीपासून लांबच्या काळोख्या भागात, एक पत्र्याची पेटी आणि गोणपाटात गुंडाळलेला जुना तराजू सापडला.

"मागच्या मालकाचं दिसतंय, साहेब. भंगारात घालू?"

"हात लावू नका," मापाडी म्हणाले.

त्या तराजूवर त्यांचा जीव जडला. त्यांनी तो खाली आणून घासला, पुसला, दांडीला तेल दिले. मग कपाटातून स्वतःची प्रमाणित वजने काढून त्याची परीक्षा घेतली. काटा मध्यावर येऊन असा उभा राहिला, की मापाड्यांना क्षणभर शब्द सुचेना, आणि ही घटना स्वतंत्र नोंदीच्या लायकीची आहे.

"अगं, इकडे ये! बघ हे. इतका खरा तराजू मी नोकरीत पाहिला नाही."

"मग नोकरीत काय पाहिलंत?" पत्नीने आतूनच विचारले.

"आणि हे सील बघ. काळवंडलंय, सीलला मी हात लावत नाही, पण बसवलंय काय सुबक! कोणीतरी जाणता निरीक्षक असणार. हल्ली असं काम होत नाही."

तराजू नव्या खोलीत, बरोबर मधोमध, वाशाला टांगला गेला. दार बसले. कडी बसली. मापाडी आत जाऊन, कडी लावून, खुर्चीवर बसले. असे ते किती वेळ बसले याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या मते एक क्षण, पत्नीच्या मते अर्धी दुपार. एवढे मात्र निश्चित, की दार वाजले.

आधी पांघरुणे आली. 'कोपऱ्यात तर राहतील' असे म्हणून आली आणि कोपऱ्याला सोडून पसरली. मग मुलाचे टेबल आले, टेबलामागून फिरती खुर्ची, खुर्चीमागून 'बाबा, माझा कॉल चालू आहे' हे वाक्य. सूनबाईंची चालण्याची यंत्रपट्टी आली, जिच्यावर त्या रोज कुठेही न पोचता चालत. शेवटी नात आली. ज्या खोलीसाठी मापाड्यांनी अख्खे आयुष्य वाट पाहिली, त्या खोलीत त्यांना जिन्याच्या तोंडाशी एक स्टूल मिळाले, आणि तेही 'आजोबा, पाय जरा आत घ्या' या अटीवर.

"दार तरी मला द्या परत," ते एकदा पत्नीला म्हणाले. "खाली नेऊन भिंतीला टेकवतो. शेजारी बसेन."

हे असे चालू असता एका दुपारी दाराची घंटा वाजली. दारात मेट्रन. अबोल्यानंतर प्रथमच त्या या घराच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि प्रथमच हवेला सोडून माणसाशी बोलल्या.

"माझ्या पलंगाच्या वर कोण चालतंय?"

"आमच्या खोलीत आम्ही चालतो," मापाडी म्हणाले.

"आधी मला वाटलं उंदीर. पण उंदीर व्हायोलिन वाजवत नाहीत. आणि वाजवलंच, तर इतकं वाईट नाही वाजवत." मग आत वाकून नातीला, "तू वाजवत राहा गं, येईल हळूहळू." आणि पुन्हा मापाड्यांकडे वळून, "मी आज झडप उघडून टॉर्च मारला. हातभर अंतरावर फळ्यांची भिंत. माझा अर्धा पोटमाळा गेलाय. चला, दाखवा मला कुठे गेला ते."

गुडघे धरत, पायरीपायरीला थांबत त्या नवा जिना चढल्या. सगळे घर त्यांच्यामागून चढले. वर येऊन त्यांनी फिरती खुर्ची मागितली. मुलाने कॉल तोडून ती दिली.

"बोळ माझ्या नावावर आहे," मापाड्यांनी सुरुवात केली. "कागद आहेत."

"बोळ तुमचा. पुरून घ्या त्यात स्वतःला. बोळावरची खोली माझी. मी तिथे झोपते, रोज. सूनबाई, तुमच्या भिंतीपलीकडून काही ऐकू येतं का?"

"येतं ना, काकू," सूनबाई म्हणाल्या. "म्हणजे, तुमचा रेडिओ येतो."

"घोरणं म्हणा. मला राग नाही."

मापाड्यांनी सुनेकडे पाहिले. "पण मग ते कपाट?"

"कपाटाचं काय, बाबा?"

"त्याच्या मागे जागा..."

"बाबा, कपाट हातभर खोल आहे. तुम्हाला काय वाटलं, मी आत गाडी लावते?"

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुणाला विचारलंत?" मुलाने विचारले. कोणाला काही विचारण्याची वेळ मापाड्यांवर या घरात पूर्वी आल्याचे दिसत नाही.

मेट्रनचे मात्र या संवादाकडे लक्ष नव्हते. त्या वर पाहत होत्या. वाशाला टांगलेल्या तराजूकडे.

"हा इथे कसा?"

"हा? मागच्या मालकाचा," मापाडी म्हणाले, विषय बदलल्याचा त्यांना आनंदच झाला असावा. "साफसफाईत सापडला."

"पत्र्याच्या पेटीशेजारी? गोणपाटात?"



मेट्रन उठल्या. चष्म्याचे फडके काढून त्यांनी दांडीखालचे सील पुसले. रुग्णाचे तोंड पुसावे तसे, हलक्या हाताने. काळेपणा निघाला, आणि शिशात उमटलेली निरीक्षकाची खूण वर आली. प्रत्येक निरीक्षकाला खात्याकडून एकेक खूण मिळालेली असते. दोघांची सारखी नसते. मेट्रननी काही वाचून दाखवले नाही. फक्त बाजूला झाल्या. मापाड्यांनी वाकून पाहिले.

त्या जाणत्या निरीक्षकाची ओळख पटायला त्यांना वेळ लागला नाही.

"दुसऱ्यांदा नेलात तुम्ही हा," मेट्रन म्हणाल्या. "पहिल्यांदा निदान पावती तरी दिली होतीत."

"मध्यंतरी दुरुस्त केला असेल कुणी," मापाडी म्हणाले. आवाजात भरदारपणा नव्हता.

"सील तुमचं. ते तोडल्याशिवाय दांडी दुरुस्त करता येते का? तुम्हीच सांगा, खात्यातले आहात."

 तेव्हा मापाड्यांच्या पत्नीने, इतक्या वर्षांच्या संसारात शिकलेल्या नेमक्या वेळी, नेमके वाक्य उच्चारले:

"अहो, पण तुम्हीच तर म्हणालात ना, इतका खरा तराजू नोकरीत पाहिला नाही म्हणून?"

मेट्रन पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. आयुष्यभर वॉर्डात ज्या आवाजात त्यांनी वाईट बातम्या सांगितल्या होत्या, त्याच आवाजात त्या बोलल्या.

"त्या दिवशी मी दुकानात डबा घेऊन आले होते. तुम्ही आत शिरलात आणि पहिलं वाक्य काय बोललात आठवतंय? 'पंखा लावा, मरणाचं उकडतंय.' ह्यांनी लावला. तुम्ही थेट पंख्याखाली उभे राहिलात. एक पारडं तुमच्या आडोशाला, एक पारडं वाऱ्यात. मी ह्यांना नंतर म्हटलं, अहो, सांगा त्यांना पंख्याचं. ते म्हणाले, 'साहेब मोठे, त्यांना कळत असेल.'"

पंख्याच्या वाऱ्याने खिळ्यांच्या तराजूची दांडी कितपत कलते, याविषयी खात्यात काही संशोधन झालेले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मापाड्यांनी ते स्वतः केले. दुपारी घर सामसूम असताना ते सूनबाईंचा टेबलपंखा वर घेऊन आले. तराजूत दोन्हीकडे सारखी वजने घातली, काटा मध्यावर. पंखा लावला आणि आपण स्वतः एका पारड्याच्या बाजूला, त्या दिवशीसारखे, उभे राहिले. दांडी हलली, डगमगली, आणि कलून थांबली. तीळभर. पंखा बंद केला, काटा मध्यावर. त्यांनी जागा बदलून पाहिली. दांडी दुसरीकडे कलली. त्यांनी हा प्रयोग पुनःपुन्हा केला, कारण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे तत्त्व त्यांना मान्य होते. उशिरा का होईना.

मग ते तराजू गोणपाटात गुंडाळून, पत्र्याची पेटी काखेत मारून, शेजारच्या दारात उभे राहिले.

"तराजू बरोबर होता," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," मेट्रन म्हणाल्या. "हे त्यांना सांगायला हवं होतं."

 मापाड्यांनी एवढेच सुचवले, की भिंत हलवतानाच आपल्या बाजूची आणखी वीतभर जागा त्यांना सोडली तर...

"मापात राहा," मेट्रन म्हणाल्या. "मला माझं हवंय. तीळभर कमी नको, तीळभर जास्त नको. टेप आणा."

त्या दिवशी ते प्रथमच सुनेच्या खोलीत शिरले. सूनबाई दारात उभ्या राहून 'या ना, बाबा' म्हणत होत्या, आणि ते चप्पल काढून, मान खाली घालून, परक्या घरात यावे तसे आत आले. टेपचे एक टोक त्यांनी कपाटाच्या मागच्या भिंतीला धरले. दुसरे टोक मेट्रननी धरले होते. आकडा आला, की ते मोठ्याने म्हणत. मेट्रन तो पुन्हा म्हणत. मग मिस्त्री लिहून घेई. कुठे अडखळले, की मेट्रन 'पुन्हा' म्हणत, आणि ते निमूटपणे पुन्हा मोजत. पोटमाळ्यात नवी रेघ पडली तेव्हा मिस्त्रीने ती पाहून डोके खाजवले.

"एवढ्यात खोली होईल का हो?" मापाड्यांनी विचारले.

मिस्त्रीने जिना पाहिला, छपराचा उतार पाहिला, उरलेली पट्टी पाहिली, आणि आयुष्यात प्रथमच त्याला उत्तर सुचले नाही.

भिंत अलीकडे आली. पांघरुणे सर्वांत आधी गेली. ती सरकत्या भिंतीच्या धाकाने जणू आपणहून खाली उतरली. यंत्रपट्टी बसेना. मुलाने टेबल आडवे, उभे आणि तिरके लावून पाहिले आणि 'इथे गुदमरतं' असे म्हणून ते बैठकीत नेले, जिथे पूर्वी दार टेकून उभे असे. नातीला मेट्रननी आपल्याकडे बोलावून घेतले. "माझ्या बाजूला वाजव, मी कानातलं यंत्र काढून ठेवते," असे त्या म्हणाल्या, आणि ही व्यवस्था सर्वांनाच मानवली. पोटमाळ्यात उरली ती छपराखालची एक निमुळती पट्टी: एक खिडकी, एक खुर्ची, आणि अर्धेच उघडणारे दार. त्या अर्ध्या फटीतून घरातले फक्त मापाडीच आत शिरू शकत, तेही श्वास रोखून.

अशा रीतीने त्यांना अखेर खोली मिळाली. कोणाशी भांडून नाही, कोणी मान ठेवला म्हणून नाही. कोणालाच नको होती म्हणून. मालकीहक्काचा इतका निर्वेध पुरावा त्या रांगेतल्या दुसऱ्या कोणत्याही खोलीला नाही.

पहिल्या दिवशी ते आत गेले आणि कडी लावली. छपराची कौले भर दुपारी तापली होती. काही वेळातच सदरा पाठीला चिकटला आणि घाम कपाळावरून चष्म्यावर ओघळू लागला. फळ्यांच्या भिंतीपलीकडे कोणीतरी खिळा ठोकत होते. मग साखळ्यांचा आवाज आला, मग पितळी पारडी एकमेकांवर आपटल्याचा. तराजू पलीकडे टांगला जात होता.

जिन्यावरून सूनबाईंची हाक आली.

"बाबा, वर फार उकडत असेल ना? टेबलपंखा देऊ का आणून?"

पलीकडची ठोकाठोक थांबली.

मापाड्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत डोळ्यांवर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "पंखा तेवढा नको."